एकत्र की विभक्त? : घरातील राउटरचे दोन पट्टे

'एकत्र की विभक्त' हा प्रश्न मराठी घरांत आजवर कुटुंबाविषयी विचारला जात असे. आता तोच प्रश्न भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा डबीविषयीही पडू लागला आहे. ब्रॉडबँडची जोडणी घेतली की कंपनीचा माणूस येतो, दाराजवळच्या भिंतीवर राउटर बसवतो, मोबाइलवर वायफाय चालू झाल्याचे दाखवतो आणि निघून जातो. मागाहून घरातील कोणाच्या तरी लक्षात येते की मोबाइलच्या यादीत घराचे नाव एकदा नसून दोनदा आले आहे. एकदा साधे, आणि एकदा '५जी' अशी शेपटी जोडलेले. शेजारच्या घरी राउटर तसाच असला तरी तेथे नाव एकच दिसते. मग शंका येते : दोन नावे असणे चांगले की एक? दोन असतील तर कोणते निवडावे? आणि एक असेल तर निवड कोण करतो?

या प्रश्नांचे उत्तर द्यावयाचे तर प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. राउटरच्या नावापुढील '५जी' ही अक्षरे आणि मोबाइल कंपन्यांनी भारतात ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेली '५जी' सेवा यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. मोबाइलच्या बाबतीत 'जी' म्हणजे पिढी; पाचव्या पिढीचे तंत्र असा त्याचा अर्थ. राउटरच्या नावात ते अक्षर गिगाहर्ट्झचे संक्षिप्त रूप म्हणून येते. राउटरमध्ये दोन स्वतंत्र बिनतारी यंत्रे असतात. एक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते, दुसरे ५ गिगाहर्ट्झच्या. दोन नावे दिसतात ती या दोन यंत्रांची.

या दोन पट्ट्यांचे स्वभाव भिन्न आहेत. ज्यांनी रेडिओवर मध्यम लहरी आणि एफ. एम. ही दोन्ही केंद्रे ऐकली आहेत, त्यांना हा भेद चटकन उमगेल. मध्यम लहरींचे केंद्र दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचे, पण त्यात खरखर असे; एफ. एम.चा आवाज स्वच्छ, पण त्याचा पल्ला मर्यादित. वायफायच्या बाबतीत कारणे निराळी असली तरी व्यवहारात अनुभव असाच येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरींची पाच ते सहा सेंटिमीटर. लहर आखूड झाली की तिच्यासाठी लागणारा अँटेनाही लहान होतो आणि तो आसमंतातून तितकीच कमी शक्ती वेचतो. अँटेना एकाच जातीचे धरले, तर पूर्ण मोकळ्या जागेतसुद्धा ५.५ गिगाहर्ट्झवर मिळणारी शक्ती २.४ गिगाहर्ट्झच्या मानाने एक पंचमांशाच्या आसपास भरते. त्यात विटांच्या भिंती आणि सिमेंट काँक्रीटचे स्लॅब आले की आखूड लहरींचे नुकसान अधिकच होते. दिवाणखान्यात जोमाने चालणारा ५ गिगाहर्ट्झचा संकेत दोन भिंतींपलीकडच्या स्वयंपाकघरात क्षीण होतो, तो यामुळेच.

असे असताना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा हवाच कशाला? त्याचे कारण गर्दीत आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. एका राउटरला किमान २० मेगाहर्ट्झ लागतात. म्हणजे एकमेकांच्या पायांत न येता जेमतेम तीन चॅनेल बसतात, आणि १, ६ व ११ हे तीन क्रमांक त्यासाठी रूढ झाले आहेत. मोठ्या इमारतीत मात्र एकेका मजल्यावर चार-चार राउटर असतात. ब्लूटूथची उपकरणे याच पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, आणि तिच्या दारातून झिरपणारी अल्पशी ऊर्जा अन्न गरम होत असताना वायफायला त्रास देऊ शकते. भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्याच्या बंधनातून मुक्त केला. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा अशीच मोकळी झाली. अरुंद गल्लीशेजारी हमरस्ता व्हावा, तसे हे झाले. एकाच अँटेनाचा हिशेब धरला तर २.४ गिगाहर्ट्झवर, २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलात, चौथ्या पिढीचे वायफाय सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ७२ मेगाबिट वाहून नेते. ५ गिगाहर्ट्झवर, ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलात, पाचव्या पिढीचे वायफाय ४३३ मेगाबिटपर्यंत जाते. हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात हाती येते ते याहून बरेच कमी. परंतु दोहोंतील प्रमाण त्यावरून ध्यानात यावे.

आता नावांकडे वळले पाहिजे. दोन नावे म्हणजे दोन वेगळी जाळी, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. एकाच वाड्याला दोन दरवाजे असावेत आणि दोन्हींवर निरनिराळ्या पाट्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. कोणत्याही दरवाजाने आत गेले तरी अंगण एकच. एका नावाने जोडलेल्या मोबाइलवरून दुसऱ्या नावाने जोडलेल्या छपाईयंत्राला काम सांगता येते. पाहुण्यांसाठी मुद्दाम वेगळे ठेवलेले जाळे तेवढे याला अपवाद. तसेच नावे वेगळी केल्याने वेग वाढत नाही आणि एकत्र केल्याने तो घटत नाही. दोन बिनतारी यंत्रे दोन्ही परिस्थितींत तितक्याच जोमाने काम करीत असतात. कोणते उपकरण कोणत्या यंत्राशी जोडले गेले, यावर वेग ठरतो. आणि ही निवड कोणी करावयाची, एवढाच नावांचा प्रश्न आहे.

जुन्या रेडिओचे बटण श्रोत्याच्या हाती असे. तो स्वतः काटा फिरवी आणि हवे ते केंद्र लावी. दोन वेगळी नावे ठेवणे म्हणजे ते बटण हाती ठेवणे होय. एकच नाव ठेवले की बटण यंत्राच्या स्वाधीन होते. मात्र येथे 'यंत्र' म्हणजे राउटर, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः वायफायच्या मूळ नियमांनुसार कोणत्या पट्ट्याशी जोडून घ्यावयाचे हे प्रामुख्याने मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच ही उपकरणेच ठरवतात. राउटर फार तर सुचवू शकतो. '५ गिगाहर्ट्झवर जागा आहे, तिकडे जावे' असा निरोप तो धाडतो, किंवा २.४ गिगाहर्ट्झवरून आलेल्या हाकेला मुद्दाम उशिरा ओ देतो, जेणेकरून उपकरण कंटाळून दुसऱ्या दाराकडे वळावे. या युक्तीला 'बँड स्टिअरिंग' म्हणतात. काही राउटरांत तीच 'स्मार्ट कनेक्ट' या नावाने आढळते.

नव्या मोबाइलांच्या आणि लॅपटॉपांच्या बाबतीत ही व्यवस्था बहुधा समाधानकारक चालते. ही उपकरणे संकेताच्या जोराबरोबर वेगाचाही विचार करतात. राउटरजवळ असताना ती ५ गिगाहर्ट्झ धरतात. माणूस मागच्या खोलीत गेला की स्वतःहून २.४ वर उतरतात. बोलणारा बोलत राहतो आणि दार बदलल्याचे त्याला कळतही नाही. एकत्र नावाचा आणखी एक लाभ फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मधल्या काही चॅनेलांवर हवामानखात्याची व इतर रडारयंत्रेही काम करतात. रडारचा संकेत जाणवताच राउटरने तो चॅनेल सोडावा, असा दंडक अनेक देशांत आहे. तशाच दुसऱ्या चॅनेलावर बसण्यापूर्वी त्याला सुमारे एक मिनिट नुसते ऐकत राहावे लागते. नाव एकच असेल तर त्या मिनिटभरात उपकरणे मुकाट्याने २.४ वर सरकतात. नावे वेगळी असली आणि मोबाइलात दुसरे नाव साठवलेले नसले, तर जोडणी तुटली असेच वाटते.

वेगळ्या नावांचा तोटाही यातच आहे. मोबाइल एकदा ५ गिगाहर्ट्झच्या नावाला चिकटला की संकेत क्षीण झाला तरी तो सहसा सोडवत नाही. घरातील प्रत्येकाने खोलीखोलीला नाव बदलीत राहावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. ज्या घरी संगणकाची जाण असलेला एखादाच माणूस आहे, तेथे तर ती अन्यायाचीच ठरते. कारण निवडीचे स्वातंत्र्य त्या एकाला मिळते आणि तिचे ओझे इतरांवर पडते.

तर मग एकत्र नाव ठेवून मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. परंतु घरात सगळीच उपकरणे शहाणी नसतात. मोबाइलवरून लावता-विझवता येणारे दिवे, विजेची बटणे, स्वस्त कॅमेरे, दाराच्या घंटा यांपैकी बहुतेकांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचेच यंत्र असते. त्यांना थोडीच माहिती पाठवावयाची असते, पण ती लांबवर पोहोचली पाहिजे आणि वस्तूची किंमतही कमी राहिली पाहिजे. म्हणून त्यांच्यासाठी ही निवड योग्यच आहे. अडचण येते ती प्रथम जोडणीच्या वेळी. यांतील काही वस्तूंना घराच्या जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द मोबाइलच हवेतून कळवतो आणि वस्तू ते ऐकून घेते. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर बोलत असेल तर ते बोलणे २.४ चाच कान असलेल्या वस्तूला ऐकूच जात नाही. पडद्यावर 'उपकरण सापडले नाही' एवढेच उमटते, आणि माणूस निर्दोष वस्तू दुकानात परत नेतो. नाव एकच असल्यामुळे मोबाइल कोणत्या पट्ट्यावर आहे हे त्याला दिसत नाही, आणि बदलावयाचे म्हटले तरी बदलता येत नाही.

याहून गंभीर प्रसंग कसा ओढवतो, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. इंदूरला वृद्ध आईवडील राहतात आणि मुलगा बंगळूरला नोकरी करतो, असे एक कुटुंब कल्पावे. अशी कुटुंबे मराठी समाजात आता विरळा नाहीत. आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्या खोलीत एक लहानसा कॅमेरा आहे आणि मुलगा कामाच्या अधूनमधून त्यावरून तिची विचारपूस करतो. घर जुने, जाड भिंतींचे. मोबाइलचा मनोरा दूर, त्यामुळे वडिलांचा दूरध्वनीही वायफायवरूनच चालतो. दिवाळीला आलेल्या मुलाला राउटरची दोन नावे दिसतात. ती त्याला गबाळी वाटतात. निघण्याच्या आदल्या रात्री तो दोन्ही पट्टे एकत्र करतो, नवे सुटसुटीत नाव देतो, स्वतःच्या व वडिलांच्या मोबाइलात ते भरतो, सुरक्षिततेचा प्रकारही नवा निवडतो आणि पहाटे निघून जातो. कॅमेऱ्याला जुने नावच ठाऊक असते. ते नाव आता हवेत उरलेले नाही; नवा सुरक्षाप्रकार तर त्याला समजतही नाही. बंगळूरला पोहोचल्यावर मुलाच्या पडद्यावर आईची खोली दिसत नाही. मग सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना दूरध्वनीवरून एकेक पायरी सांगणे सुरू होते. "बाबा, तुम्ही मोबाइल घेऊन जिन्यात जाऊन उभे राहा," असे मुलगा म्हणतो. कारण राउटरपासून दूर गेले की मोबाइल २.४ वर उतरेल आणि कदाचित कॅमेरा सापडेल. वडील गुडघे सांभाळीत जिना उतरतात. आणि बोलणेही त्याच वायफायवरून चाललेले असल्यामुळे ते मध्येच तुटते.

या प्रसंगात यंत्राचा दोष नाही. एकत्र करण्याचा निर्णयही मुळात चुकीचा नव्हता. वडिलांच्या मोबाइलला तो सोयीचाच होता. चूक एवढीच की जो बोलू शकत नाही आणि निवड करू शकत नाही, अशा घटकाचा विचार निर्णयाच्या वेळी झाला नाही. राउटरच्या नावांचा निर्णय घरातील सर्वांत वेगवान उपकरणाकडे पाहून घ्यावयाचा नसतो. तो सर्वांत दुबळ्या उपकरणाकडे, आणि त्यावर जे माणूस विसंबून आहे त्याच्याकडे पाहून घ्यावयाचा असतो.

हे तत्त्व मान्य केले की व्यवहारातील मार्ग आपोआप स्पष्ट होतो. जी उपकरणे हातात घेऊन माणसे घरभर वावरतात, त्यांच्यासाठी एकत्र नाव ठेवावे. ती स्वतःची निवड करण्याइतकी समर्थ असतात. जी उपकरणे एका जागी खिळलेली आणि एकाच पट्ट्याची आहेत, त्यांच्यासाठी केवळ २.४ गिगाहर्ट्झचे स्वतंत्र नाव असावे. पुष्कळ राउटरांत मुख्य जाळ्याखेरीज पाहुण्यांसाठी आणखी एक जाळे काढण्याची सोय असते. ते फक्त २.४ वर चालू केले की अशा वस्तूंचे काम भागते, आणि या स्वस्त वस्तू घरातील संगणकांपासून काहीशा अलगही राहतात. मात्र वस्तू आणि मोबाइल एकाच जाळ्यात असल्याशिवाय चालत नाहीत, अशी काही उपकरणे असतात, हे आधी पाहून घ्यावे. ही सोय नसेल तर वस्तू जोडण्यापुरता ५ गिगाहर्ट्झचा पट्टा काही मिनिटे बंद करावा आणि जोडणी होताच पुन्हा चालू करावा. एकदा ओळख झाली की पुढे एकत्र नाव असले तरी ती वस्तू सहसा आपल्या पट्ट्यावर बिनबोभाट राहते.

दूरचित्रवाणी संच किंवा टेबलावरचा संगणक राउटरच्याच खोलीत असूनही २.४ वर अडकून पडत असेल, तर मात्र नावे वेगळी करून त्याला ५ गिगाहर्ट्झचे नाव कायमचे द्यावे. अधिक चांगला उपाय म्हणजे त्याला सरळ तारेने जोडावे; जे उपकरण हलत नाही त्याने हवेतील जागा अडवण्याचे कारण नाही.

बदल करतानाही काही पथ्ये पाळली पाहिजेत. पट्टे एकत्र करावयाचे असतील तर २.४ गिगाहर्ट्झचे जे जुने नाव आणि जो जुना परवलीचा शब्द, तेच एकत्र जाळ्याला द्यावेत, आणि सुरक्षेचा प्रकार जुन्या वस्तूंना समजेल असाच ठेवावा. मग त्या बहुधा काहीही न करता परत जोडल्या जातात. वेगळे करावयाचे असतील तर जुने नाव २.४ कडे ठेवावे आणि नवे नाव ५ गिगाहर्ट्झला द्यावे. कारण हट्टी उपकरणे २.४ वरच असतात आणि नवे नाव शिकणे मोबाइललाच सोपे जाते. राउटर बदलला तरी हाच नियम लागू पडतो. नाव आणि शब्द कागदावर लिहून राउटरजवळ सुरक्षित ठेवावा. आणि घर सोडण्याच्या आदल्या रात्री कोणताही बदल करू नये. बदलानंतर निदान एक दिवस घरातच राहून सर्व वस्तू चालतात की नाही हे पाहावे. कंपनीने दिलेल्या काही राउटरांत हा बदल ग्राहकाला करताच येत नाही; तेथे कंपनीच्या ग्राहकसेवेला सांगून तो करून घ्यावा लागतो.

यात एक मर्यादाही ओळखली पाहिजे. संकेत मुळात पोहोचतच नसेल तर नावांची अदलाबदल करून काहीही साधत नाही. राउटर दाराच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे किंवा दूरचित्रवाणी संचाच्या पाठीशी दडवला असेल तर तो घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी आणणे, हाच पहिला उपाय होय.

तंत्र पुढे जातच आहे. जानेवारी २०२४ पासून ज्याला प्रमाणपत्रे मिळू लागली त्या सातव्या पिढीच्या वायफायमध्ये एकच उपकरण दोन्ही पट्टे एकाच वेळी वापरू शकते. अशा उपकरणांपुरता 'हा की तो' हा प्रश्नच उरत नाही, आणि त्यांच्यासाठी एकत्र नाव हीच स्वाभाविक व्यवस्था ठरते. तथापि घरातला दिवा, दाराची घंटा आणि आजारी माणसाच्या उशाजवळचा कॅमेरा ही दरवर्षी नवी घेतली जात नाहीत. नव्या पिढीच्या राउटरबरोबर ही जुनी मंडळी आणखी कितीतरी वर्षे एकाच छपराखाली नांदणार आहेत.

एकत्र कुटुंबे चांगली चालली ती सर्वांना एकाच मापाने मोजल्यामुळे नव्हे. जो आपले पाहू शकतो त्याला मोकळीक, आणि जो पाहू शकत नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा, या दोन गोष्टी जेथे जुळल्या तेथे ती टिकली. भिंतीवरच्या त्या लहानशा डबीलाही हाच न्याय लावावा. नाव एक ठेवावे की दोन, याचे उत्तर घरोघरी निराळे येईल. परंतु ते ठरवण्यापूर्वी घरात एक फेरी मारावी आणि या जाळ्यावर कोण कोण विसंबून आहे हे पाहून घ्यावे.